बांगड्याचं आवतण

घोड्यांना माशांची नावं ठेवणारी बाई आमच्या तारकर्लीत एकच झाली, आणि ती आमच्याच कुंपणापलीकडे राहायची. दुल्सीनबाय फर्नांडिस. तिच्याकडे तीन घोडे होते. एक काळा, गोलमटोल, म्हातारा. त्याचं नाव सरंगो. एक करड्या रंगाची, जरा चावरी घोडी, ती मोरी, म्हणजे शार्क. आणि तिसरा बांगडो. उजाडलं रे उजाडलं की पलीकडून हाक सुरू, "बांगड्या, मेल्या, हय ये! मोरये, तुका वेगळा सांगूक व्हया?" आमच्याकडे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि जेवणखाणाची सोय आहे. नवीन उतरलेले पाहुणे चहाचा कप हातात घेऊन अंगणात यायचे आणि विचारायचे, "काकू, मासेवाली आली का?"

मी सांगायची, "ती येत नाही, इथेच असते. आणि विकत काही देत नाही."

आता तीही नाही. ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. तिची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि मग तिचा राग येतो. एवढी बडबडी बाई शेजारून उठून गेली की मागे किती शांत होतं, हे तिने आधी सांगायला हवं होतं. मी तिच्या बडबडीला कंटाळून खिडक्या लावून घ्यायची. हल्ली त्याच खिडक्या उघड्या ठेवते.

चणीने लहानखुरी, फुलाफुलांचा झगा, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट आणि ओठांना लाल लिपस्टिक. लिपस्टिक लावल्याशिवाय ती घोड्यांसमोर जायची नाही. एकदा आमच्याकडच्या एका पाहुण्याने तिला सांगितलं की घोड्यांना म्हणे लाल रंग नीट दिसत नाही. ती म्हणाली, "माका दिसता मगे."

तिचा बापूस पुण्याला एका तबेल्यात मोतद्दार होता. घोड्यांचा खरारा करणं, त्यांना फिरवणं, त्यांच्याशेजारी झोपणं हेच त्याचं आयुष्य. दुल्सीनबाय त्या तबेल्यातच वाढली आणि पुढे तिथेच लोकांना घोड्यावर बसायला शिकवू लागली. नवरा वारल्यावर ती बापसाच्या घरी तारकर्लीला परत आली, येताना सरंगो आणि मोरीला घेऊन. आपण कुणाकुणाला शिकवलं हे सांगायला तिला फार आवडायचं. त्यात एक कलेक्टर होता, एक सिनेमातला खलनायक होता आणि एक बिशप होता. बिशप दर वेळी वेगळ्या घोड्यावरून पडायचा. मी एकदा म्हटलं, "बाय, मागच्या वेळी तो पांढऱ्या घोडीवरून पडला होता." ती म्हणाली, "तेका पडाची सवयच होती गो."

घरामागच्या माडांत तिने बांबू बांधून एक मोठं रिंगण केलं होतं, आणि रिंगणाच्या आत एका कडेला एक जाडजूड चिरा टाकला होता, जांभ्या दगडाचा. त्या चिऱ्यावर उभं राहून घोड्यावर बसायचं. पण बसायचं कधी, हे तिच्याकडे वेगळंच होतं. लोक यायचे, म्हणायचे, बीचवर एक चक्कर मारायची आहे. ती त्यांच्या हातात खरारा द्यायची, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा तो दातेरी लोखंडी ब्रश, आणि म्हणायची, "आधी हेका विचार." निम्मे लोक तिथूनच परत जायचे आणि उंटावर बसायचे.

आमचे हे, म्हणजे सुहास, पन्नाशी उलटल्यावर एकदम घोड्यावर बसायच्या इरेला पेटले. कारण काय, तर खानावळीत लावायला एक फोटो हवा. दुल्सीनबाय म्हणाली, "बसतलंस. पण तेणां आवतान दिल्यान काय बस."

आवतान म्हणजे आवतण, जेवायचं बोलावणं. ह्यांना वाटलं बाई घोड्यांना जेवायला घालायला सांगते आहे. ह्यांनी केळी आणली. बायने केळी स्वतः खाल्ली आणि समजावून सांगितलं, "आपण कोणाच्या घराक जेवूक असेच जातंव? आवतान इला तर जातंव. मगे कोणाच्या पाठीर आवतानाशिवाय कसा बसूचा?"

तिचं म्हणणं असं. तुम्ही चिऱ्यावर उभं राहायचं. हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही, दोरी ओढायची नाही. घोडा आपणहून चालत येतो, चिऱ्याला आपली कूस लावून उभा राहतो आणि मान खाली सोडतो. हे त्याचं आवतण. ते आलं की बसायचं. तिचे घोडे हे करायचे, कारण प्रत्येकाबरोबर तिने महिनोन्‌महिने रिंगणात पायी घालवलेले होते. घोडा दूर पळाला तर पळू दे, लांब दोरावर फिरव. एक पाऊल जवळ आला की दोर ढिला, सगळं काम बंद, नुसतं उभं राहायचं. माणसाच्या जवळ सुख आहे हे त्याचं त्याला कळेपर्यंत हा उद्योग चालायचा. दोरीबद्दल तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दोरी म्हणजे फोन. वडलंस तर तो कानार हात ठेयता, सोडलंस तर तेका वाटता तू फोन ठेयलंस. हलकी धर. चालू आसा इतक्याच तेका कळाक व्हया."

तर हे रोज सकाळी सरंग्याचा खरारा करून चिऱ्यावर उभे राहायला लागले. सरंगो लांब उभा राहून गवत खायचा. "खांदे खाली घाल," बाय ओरडायची, "तू काय पंचनामो करूक इलंस?" हे खांदे पाडायचे. मग लाडीगोडीच्या सुरात "ये राजा, ये सोन्या" सुरू करायचे. "गप रव! बायलेक कधी अशी हाक मारलंस?" मी कुंपणापाशी उभी राहून हे ऐकत असायची आणि मला फार बरं वाटायचं.

असे बरेच दिवस गेले. ह्यांच्या सगळ्या शर्टांना घोड्याचे केस. मग एके दिवशी हे चिऱ्यावर उभे असतानाच गॅसवाल्याचा फोन आला. सिलिंडर येणार होता तो आला नव्हता, आणि घरात पाहुणे. हे चिऱ्यावर खाली बसले आणि गॅसवाल्याशी भांडायला लागले. घोडा, फोटो, आवतण, सगळं विसरले. आणि सरंगो आला की हो! सावकाश डुलत आला, चिऱ्याला कूस लावली आणि उभा राहिला. ह्यांचं लक्षच नाही. दुल्सीनबाय हळूच म्हणाली, "सुहास, फोन ठेव. तेणां पान वाढल्यान."

तो फोटो आमच्या खानावळीत अजून आहे. सरंगो छान दिसतो त्यात. ह्यांचा चेहरा मात्र दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आला आहे.

बांगड्याची गोष्ट निराळी. तो उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायच्या कामाला होता. एक दिवस लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं, मुलगा शेरवानीत घोड्यावर बसला, वरून ड्रोन भणभणत आला, आणि घोडा त्या होणाऱ्या नवरदेवाला घेऊन थेट समुद्रात गेला. नवरदेव लाटांत, शेरवानी लाटांत, घोडा पुढे कुठच्या कुठे. त्याआधीही त्याने एकदोघांना पाडलं होतंच. मालकाला तो नकोसा झाला. दुल्सीनबायला हे कळलं आणि ती एसटी पकडून गेली. येताना मात्र चालत आली, कारण तो टेंपोत चढेना. वाटेत मिठबावला ओळखीच्यांकडे, मग आणखी कुणाकडे मुक्काम करत, मासळीचं जेवण जेवत, गजाली मारत ती आणि तो घोडा किनाऱ्या-किनाऱ्याने तारकर्लीत पोचले. "चलान चलान आमची वायच वळख झाली," एवढंच ती म्हणाली.

घोडा निळसर राखी रंगाचा आणि पाठीवर आडव्या पांढुरक्या रेघा. मी विचारलं, "ह्या रेघा कसल्या गं बाय?" तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "बांगड्यासारखो दिसता मां? मगे बांगडोच." जखम भरल्यावर त्या जागी केस पांढरे येतात हे मला नंतर कळलं. कुणी विचारलं की ती बांगड्यावर विनोद करायची आणि विषय संपवायची.

त्याला रिंगणात सोडून तिने काय केलं, तर प्लास्टिकची एक खुर्ची मधोमध टाकली आणि त्याच्याकडे पाठ करून जवळा निवडत बसली. ते बारीक सुके झिंगे निवडायला तसाही जन्म जातो. रोज सकाळी बाय खुर्चीत, मांडीवर सूप, सुपात जवळा, आणि तोंडाने अखंड बडबड. बाजारात लोक विचारायला लागले, "दुल्सीनबाय घोड्याक जवळो खावक शिकयता काय गो?" पहिल्या दिवसांत बांगडो लांबच्या बांबूला चिकटून थरथरत उभा असायचा. मग तो अर्ध्यात यायला लागला. एक दिवस त्याने मागून येऊन सुपात नाक घातलं आणि असा काही शिंकला की सगळा जवळा बायच्या झग्यावर. ती हलली नाही. जवळा झटकलाही नाही. मी कुंपणातून बघत होते. तिच्या लिपस्टिकवर दोन झिंगे चिकटलेले, आणि ती हसू दाबून बसलेली.

तिचा सगळा धीर असा घोड्यांवर खर्च व्हायचा. माणसांच्या वाट्याला काही उरायचं नाही. गॅसवाला, पोस्टमन, मी, चर्चचे फादर, सगळ्यांवर ती खेकसायची. फोनवर मुलीशी तर रोज भांडण. मुलगी ग्रेसी मडगावला इस्पितळात नर्स. लहानपणी आईकडेच घोड्यावर बसायला शिकलेली, पण मोठी झाल्यावर "माका घोड्याचो वास नको" म्हणून तिने जे सोडलं ते सोडलंच.

बांगडो हळूहळू सगळं करू द्यायला लागला. दोरी लावू देई, खूर उचलू देई, पाठीवर घोंगडी टाकू देई. बाय त्याच्या पाठीवर दोन्ही हात टाकून रेलायची तेही त्याला चालायचं. पण चिऱ्यापाशी मात्र तो येत नसे. रिंगणात फिरताना त्या दगडाला लांबून वळसा घालायचा. दगड म्हणजे माणूस पाठीवर चढणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाय, तो दगडच हलव ना तिथून."

"दगड हलवन काय जाता? भय दगडात नाय."

असं वर्ष गेलं आणि दुसरं अर्धं गेलं. आणि मग दुल्सीनबाय पडली.

पडली ती घोड्यावरून नव्हे. न्हाणीत साबणावरून पाय घसरला. मालवणला डॉक्टरांकडे नेली. आता हिची एक खोड होती. आमच्याशी मालवणी, पण डॉक्टर आणि सरकारी माणूस दिसला की पुण्याची मराठी बाहेर काढायची. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडलात?" साधं न्हाणीत म्हणाली असती तर काही बिघडलं नसतं. पण ही नाकात बोलत म्हणाली, "मी मोरीत पडले."

झालं! तिथली मदतनीस आमच्याच गावची. संध्याकाळपर्यंत तारकर्लीभर झालं की दुल्सीनबाय मोरीवरून पडली. आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं, आणि स्वतःच्या घोडीने पाडलं! ह्या बातमीने तिला जे लागलं ते दुखण्याने लागलं नाही. "शुद्ध बोलूक गेलंय आणि इज्जत घालवन बसलंय गो!" ह्यांना तिने बाजारात पाठवलं, प्रत्येक दुकानात खुलासा करायला. तेवढ्याने भागेना म्हणून फादरना निरोप धाडला. फादर मोठे सज्जन. त्यांनी रविवारच्या मिस्सेला "आपल्या न्हाणीघरात पडलेल्या भगिनीसाठी" अशी प्रार्थना सांगितली, तेव्हा कुठे तिचा ताप उतरला.

ती दवाखान्यात असताना घोडे आमच्याकडे. घोड्यांना चाटायला ती मिठाचा खडा ठेवायची, ते आम्ही पार विसरलो होतो. दुपारी तिचा फोन आला तो ह्यांनी घेतला. मी बाजूला उभी.

"सुहास, बांगड्याक मीठ दिलंस?"

हे तेव्हा स्वयंपाकघरात, हाताला मसाला. "लावलंय गो. हळद लावलंय, काप मारलंय, आता तिखट भरतंय. तेल तापला काय तळूक घेतंय."

पलीकडून जी किंकाळी आली ती ह्यांनी फोन कानापासून लांब धरला तरी मला ऐकू आली. नंतर कळलं, वॉर्डातले दोन पेशंट उठून बसले होते.

हसण्यावारी गेलं ते एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचा सांधा मुळात झिजून गेला आहे, तो बदलायला लागेल. आणि सांधा बदलला की ह्या वयात घोड्याचं नाव काढायचं नाही. ग्रेसीने मडगावला सगळी व्यवस्था केली. नाताळ झाला की ऑपरेशन, आणि पुढे आईने तिच्याकडेच राहायचं. दुल्सीनबायने आरडाओरडा केला, पण मलाही दिसत होतं, काठीशिवाय तिला दारापर्यंत येववत नव्हतं.

मग घोड्यांचं काय? कोल्हापूरकडे तिचा एक जुना विद्यार्थी होता, चांगली शेती असलेला. तो मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा. सरंगो आणि मोरीला तो आनंदाने न्यायला तयार झाला. बांगड्याचं त्याने सरळ सांगितलं. "बाई, तो पाठीवर माणूस घेत असेल तर तोही माझा. घेत नसेल तर मुलांच्यात मी त्याला कसा ठेवू?" त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक तेवढं एकच होतं, वरातीला घोडे पुरवणारा एक व्यापारी. बँड, फटाके, आणि पाठीवर शेरवानी. बांगड्याचं तिथे काय होईल हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी तिला म्हटलं, "बाय, तो तुला सगळं करू देतो. पाठीवर रेलतेस, घोंगडी टाकतेस. एकदा कुणालातरी बसव आणि मोकळी हो. त्याचंच भलं आहे ना त्यात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एकदम पाहुणी झाले. "नलू, शेजाऱ्याकडे पान वाढलेला दिसला म्हणान तू भितूर जावन बसतंस? त्याका आजवर सगळे असेच इचारल्याशिवाय बसले. मी पण तशीच बसलंय, तर माझो आणि तेंचो फरक काय रवलो?"

"आणि नाही दिलं त्याने आवतण तर?"

तिने सूप मांडीवर ओढलं आणि जवळा निवडायला लागली.

नाताळ झाला. जायच्या दिवशी ग्रेसी पहाटेच गाडी घेऊन आली. झाडांना मोहोर आलेला, थंडी बरीच. सामान भरून झालं तरी दुल्सीनबाय घरात नाही. बघतो तर काठी टेकत रिंगणात गेलेली, चांगला झगा, लिपस्टिक, सगळं साग्रसंगीत. उभं राहवत नव्हतं म्हणून चिऱ्यावरच बसली होती, बांगड्याकडे पाठ करून. आम्ही तिघंही आत गेलो. ती तिथूनच हुकूम सोडत होती. नारळ कुणाला द्यायचे, सरंग्याच्या दाढेकडे कुणी बघायचं, मोरीच्या जवळ लहान मूल न्यायचं नाही.

"मम्मी, चल आता. डॉक्टर रवाचो नाय," ग्रेसी म्हणाली.

"रवतलो. माझो खुबो घेतल्याशिवाय तो काय करतलो?"

"तू घोड्यांक जितक्या समजान घेतंस तितक्या माका घेतलंस असतंस तर..." ग्रेसीचं वाक्य अर्धंच राहिलं. कारण बांगडो निघाला होता.

लांबच्या बांबूपासून तो मान खाली घालून आला. चिऱ्याच्या थोडा अलीकडे थांबला. दगड हुंगला, बायचा झगा हुंगला. मग हळूच वळला आणि आपली कूस चिऱ्याला लावून उभा राहिला. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. दुल्सीनबायने मागे वळूनही बघितलं नाही, नुसता हात मागे नेला आणि तो त्याच्या पोटावर टेकला.

मग ती उठली. ह्यांनी आधार दिला, ती चिऱ्यावर उभी राहिली, आयाळ धरली आणि उजवा पाय उचलला. पाय वर गेलाच नाही. गुडघ्याएवढा उचलला आणि खाली आला. तिने ओठ चावून पुन्हा उचलला. पुन्हा तेवढाच. बांगडो जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. इतकी वाट बघून आलेलं बोलावणं, आणि हिला उंबरा चढता येऊ नये!

ती मात्र रडली नाही. पायाकडे बघून म्हणाली, "मेल्या, आजच?" आणि मग ग्रेसीकडे वळली. "चपला काढ."

"कित्याक?"

"आवतान इला हा."

"तुका इला, माका न्हय!"

"चूलबंद आसा ता," दुल्सीनबाय म्हणाली. चूलबंद आवतण म्हणजे साऱ्या घराला बोलावणं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. "माका जावक जमणा नाय, तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जावक व्हया. नायतर देणाऱ्याक काय वाटात?"

ग्रेसीने घड्याळ बघितलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "माका भय वाटता मम्मी," ती म्हणाली.

"तेका पण वाटता. दोघांय भियेवा. पण हळू भियेवा."

ग्रेसीने चपला काढल्या. ह्यांनी बायला हात देऊन खाली उतरवलं आणि ग्रेसी चिऱ्यावर चढली. उभी राहिली, आणि नकळत तिचे खांदे खाली आले. लहानपणी शिकलेलं शरीर विसरत नसावं. तिने पाय टाकला आणि अगदी अलगद पाठीवर बसली. बांगड्याच्या अंगावरून एक थरकाप धावत गेला. कान मागे, पुढे, पुन्हा मागे. मग त्याने नाकातून लांब फुरफुर श्वास सोडला.

ऑपरेशन चांगलं झालं, पण पुढच्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती मडगावलाच वारली. तिला पोचवायला आम्ही गेलो होतो, पण ते माझ्या मनात राहिलेलं नाही. बांगडो सरंग्या-मोरीबरोबर कोल्हापूरला गेला, त्या शेतावर आहे, आणि ग्रेसी सुट्टी मिळाली की तिकडे जाते.

मला दिसते ती त्याच सकाळची दुल्सीनबाय. रिंगणाच्या मधोमध, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोर, तोही हलका धरलेला. बांगडो तिच्याभोवती चालतो आहे आणि वर ग्रेसी, प्रवासाच्या कपड्यांत, अनवाणी, दात घट्ट आवळून. गाडीचं दार उघडंच आहे. आणि बाय तिच्याबरोबर जागच्या जागी गोल फिरत ओरडते आहे, "टाचो खाली! पुढे बघ! आणि वायच हस गो बाये, लोकांकडे जेवूक गेल्यार असा तोंड करतत काय?"